बंद दाराआड रक्षण कोणाचे?

१/ लष्करी खटले गुप्तपणेच चालावेत, त्यातच राष्ट्राचे हित आहे, असे ठामपणे सांगितले जाते. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

२/ पॅरिस, डिसेंबर १८९४. तोफखान्यातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस यांच्यावर जर्मनीला गुपिते पुरवल्याचा आरोप होता. त्यांचे वकील देमांज यांचा विरोध डावलून लष्करी न्यायालयाने जनतेला दार बंद केले.

३/ मग ते आरोपीलाही बंद झाले. न्यायाधीशांच्या हाती एक गुप्त फाइल परस्पर सोपवण्यात आली. ड्रेफस आणि देमांज यांना तिचा पत्ताही नव्हता. जो पुरावा दिसलाच नाही, तो खोडायचा कसा?

४/ खटला गुप्त, विटंबना मात्र जाहीर! ५ जानेवारी १८९५ रोजी सर्वांदेखत त्यांची पदचिन्हे उपटली गेली, तलवार मोडली गेली. निर्दोषत्वावर न्यायालयाची मोहोर उमटायला १९०६ साल उजाडले.

५/ आता लाल किल्ला, नोव्हेंबर १९४५. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, सहगल व धिल्लन यांच्यावरील लष्करी खटला पत्रकारांसमोर चालला. भुलाभाई देसाईंचा बचाव देशभर वाचला गेला. तिघेही दोषी ठरले. तरीही लोकक्षोभ पाहून सरसेनापती ऑकिनलेक यांनी आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा माफ केली.

६/ खरे लष्करी गुपित असेल, तर तेवढ्यापुरते दार लोटावे. संपूर्ण खटलाच झाकला, तर राष्ट्र सुरक्षित होत नाही. सुरक्षित होते ती न्यायासनाची चूक. खुली सुनावणी ही आरोपीवरील मेहेरबानी नव्हे, तो त्याचा हक्क आहे.