कोट कुणाचा?

जुने लष्करी गणवेश जमवणाऱ्यांचे दोन पंथ असतात. एक कोटाची किंमत विचारतो, दुसरा कोट कुणाचा ते विचारतो. बुलढाणा जिल्ह्यात हा दुसरा प्रश्न विचारायचा आपल्याला हक्कच आहे, कारण एका अख्ख्या फौजेचा खर्च आपल्या शेतसाऱ्यातून निघत होता. 1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठीच. मेहकर-मलकापूरच्या कुणब्याने सारा भरायचा आणि त्यातून शिपायाचा पगार व्हायचा.

ही फौज 1903मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली, तेव्हा तिच्यातल्या एका पलटणीचं नाव पडलं ‘96वी बेरार इन्फन्ट्री’. 1922मध्ये ती 19व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये गेली आणि 1945मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊँ झालं. आता एखाद्या कोटाच्या खांद्यावर ‘बेरार’, म्हणजे आपलं वऱ्हाड, दिसलं की आपल्याकडचा संग्राहक हरखतो: आपल्या माणसाचा! इथे घाई नडते. या पलटणींत उत्तरेकडच्या राजपूत-जाटांची आणि दख्खनी मुसलमानांची भरती मोठी होती. खांद्यावरचा बिल्ला पलटण सांगतो, गाव सांगत नाही.

गाव शोधायचं तर कोट उलटा करावा. कॉलरच्या आत, अस्तरावर, कमरेच्या पट्टीवर शाईने मारलेला शिपाई नंबर, धोब्याची खूण, शिवणाऱ्याचा शिक्का असं काहीबाही सापडतं. मग बाही उजेडात धरावी. सगळीकडे खाकी विटलेली आणि मधेच फितीच्या आकाराचे दोन गडद पट्टे, कडेने टाक्यांची बारीक भोकं, असं दिसलं तर मालक नाईक होता. तीन दिसले तर हवालदार. विदर्भातल्या घरांतून महार रेजिमेंटचा गणवेशही निघू शकतो. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्यातून ही रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली आणि 1946मध्ये मशिनगन रेजिमेंट झाली. त्यामुळे बिल्ल्यावर फुलीसारख्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशिनगन दिसल्या, तर तो बिल्ला त्यानंतरचा.

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक सोबत असेल तर निम्मं काम झालं. त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. खामगावसारखी चांदीची पेठ जवळ असणाऱ्यांना एवढंच सांगणं, की ते मोडीत घालू नका.

खरी दुर्मीळ वस्तू म्हणजे साध्या शिपायाचा कोट. जरीकाठी साहेबाचा कोट पेटीत जपला गेला, त्याचे फोटोही निघाले. शिपाई पेन्शनवर घरी आला की तोच कोट घालून थंडीत जागलीला जायचा. विरला की त्याची ठिगळं व्हायची, उरलासुरला गोधडीत जायचा. म्हणून असा कोट हाती आला तर तो धुऊ नये, इस्त्री करू नये आणि गळालेला बिल्ला बाजारातून आणून शिवू तर मुळीच नये. दुसऱ्याच पलटणीची बटणं लावून ‘पूर्ण’ केलेला कोट खोटा बोलतो. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद कोटासोबतच राहू द्यावेत. व्यापारी कोट एकाला, पदक दुसऱ्याला विकतो, आणि माणसाचं नाव तिथेच हरवतं.

कायद्याचीही बाजू आहे. शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू 1972च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातले गणवेश आता या वयाचे झाले आहेत.

माझं म्हणणं असं: ज्यांच्या घरी कोट आहे त्यांनी आजच एका कागदावर आजोबांचं नाव, नंबर, पलटण आणि गाव लिहून तो खिशात ठेवावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने माजी सैनिकांच्या मेळाव्यात अशा गणवेशांची नोंदवही ठेवली तर फारसा खर्च येणार नाही. आणि संग्राहकाने मालकाचा माग लागला की आधी त्याच्या घरच्यांना कळवावं. नाव लागलेल्या कोटाला भाव जास्त येतो, हे खरंच आहे. पण ते नाव ज्या घरचं आहे त्या घराला न विचारता तो भाव खिशात घालणाऱ्याला मी संशोधक म्हणणार नाही.