जंगल सरकारचं, सहल आमची

मंडळी, पोस्ट जरा लांबलीय. निवांत असाल तेव्हा वाचा.

परवा कपाट आवरताना एक फोटो सापडला. १९८३ चा श्रावण, खडेबाजारातली आम्ही चौदा पोरं-माणसं आणि मागं पांढरा धूर दिसावा तसा धबधबा. जांबोटीच्या पुढचं जंगल. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर भाचा म्हणाला, "मामा, आता तिथं सोडत नाहीत." मी म्हटलं, माहीत आहे. गेल्या वर्षी मलाच परत पाठवलंय. ती गोष्ट सांगायची आहे, आणि त्यावरचं माझं मतही. मत काहींना पटणार नाही, चालेल.

आधी १९८३. आमच्याकडं सहल म्हणजे वनभोजन. दुकानाला सुट्टी असलेला वार बघायचा, गल्लीतला एक मेटाडोर ठरवायचा, आदल्या रात्री घराघरांतून डबे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दहीभात, भडंग, आणि कुणाकडं तरी पाहुणे येऊन गेलेले असले तर उरलेला कुंदा. पहाटे सहाला रामदेव गल्लीच्या तोंडाशी जमायचं. पिरनवाडी, किणये मागं पडलं की पाऊस सुरू. कुसमळीच्या पुलावर गाडी थांबवून मलप्रभेला नमस्कार करायचा, कारण आजी म्हणायची की उगमाकडं निघालोय तर नदीला सांगून जावं. जांबोटी ओलांडली की सगळे आपोआप गप्प व्हायचे. झाडं दोन्हीकडून रस्त्यावर वाकलेली आणि दिवसा दिवे लावायची पाळी.

धबधब्याकडं वाट अशी नव्हतीच. गावातला एक पोरगा, असेल बारा-तेरा वर्षांचा, डोक्यावर गोणपाटाची खोळ आणि हातात कोयता घेऊन पुढं चालायचा. आप्पांनी म्हणजे माझ्या वडिलांनी त्याला विचारलं, "किती घेणार रे?" तो लाजून म्हणाला, "काय बी द्या." पाण्याजवळ पोचल्यावर मात्र त्यानं आम्हाला दरडावलं. "हिकडं न्हाई जायाचं. खाली भोवरा हाय." आमच्यातला एकटा मोठा माणूसही त्याच्यापुढं बोलला नाही. आम्ही तो म्हणाला त्या खडकावरच बसलो, तिथंच जेवलो.

आणि आता खरं सांगतो. जेवण झाल्यावर केळीची पानं आम्ही तिथंच टाकली. ती कुजली असतील. पण पुढं नव्वदीत आम्हीच मित्र मित्र जायला लागलो, तेव्हा पानांच्या जागी प्लॅस्टिकच्या प्लेटा आल्या आणि ताकाच्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्या बाटल्या कुठं गेल्या, मला आठवत नाही. न आठवायला काय झालं, तिथंच राहिल्या. आजच्या पोरांना शिव्या घालणाऱ्या माझ्या वयाच्या प्रत्येकानं एकदा मनात मोजदाद करावी.

आता गेल्या जुलैची गोष्ट. नातू पुण्याहून आलेला, त्याला म्हटलं चल, तुला आमचा धबधबा दाखवतो. एका नाक्यावर गार्डनं गाडी अडवली. पस्तिशीचा असेल. रेनकोट फाटका, पायात गमबूट.

"कुठं निघालाव काका?"

"धबधब्याला."

"बंद हाय की."

मी तापलो. चाळीस वर्षं येतोय, जंगल काय कुणाच्या बापाचं आहे का, आम्ही पिणारे वाटतो का, वगैरे वगैरे. नातू मान खाली घालून बसला. गार्डनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मागच्या दोन पावसाळ्यांत तीन बॉड्या काढल्या मी. तुमी घरात जाऊन झोपताव. दोरी बांधून पाण्यात आमी उतरताव." मला पुढं बोलता आलं नाही. मी गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर कुसमळीपर्यंत मी गप्प होतो. गार्डचं बरोबर होतं. पण माझंही पूर्ण चूक नव्हतं, असं मला अजून वाटतं.

बंदी काही एकट्या बेळगावात नाही. २०२३ च्या जुलैत गोव्यानं दोघं बुडाल्यावर अभयारण्यातले धबधबे बंद केले. त्याच महिन्यात रुळावरून चालत दूधसागरला निघालेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. २०२४ च्या ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागं एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि महाराष्ट्रात ठिकठिकाणी मनाई हुकूम निघाले. त्याच पावसाळ्यात आमच्या खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवरही बंदी आली. एकामागून एक दारं लागली. एखादा जीव गेल्यावर दार लावणं समजतं. मला खटकतं ते एवढंच की आपल्याकडं दार लावणं हीच व्यवस्था समजली जाते.

किटवाड आठवा. बेळगावपासून जवळच, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथं बेळगावच्या चार मुली बुडाल्या. नोव्हेंबर! पावसाळा संपलेला, कुठलीही पावसाळी बंदी तेव्हा लागू झाली नसती. तिथं कामाला आला असता तो एक माणूस, ज्याला पाणी कुठं खोल आहे ते ठाऊक आहे आणि जो ओरडून सांगू शकतो. गोणपाट घेतलेला तो पोरगा. बंदीचा कागद त्याची जागा घेऊ शकत नाही.

फलकांचंही तेच. मी आजवर आमच्या बाजूला जे धोक्याचे फलक बघितले ते बहुतेक कन्नडमध्ये, आणि हद्द ओलांडून आंबोलीकडं गेलं की मराठीत. खानापूरच्या जंगलात निम्मे लोक मराठी वाचणारे येतात, चंदगडच्या धबधब्यांवर बेळगावातले कन्नड वाचणारे जातात. सीमाप्रश्नावर मी आयुष्यभर मोर्चे बघितले, काहींत चाललोही. पण 'इथे पाणी खोल आहे' हे चार शब्द दोन्ही भाषांत लिहायला कुठल्या कोर्टाचा निकाल लागतो?

आता उलट बाजू. सगळं जंगल उघडा असं मी म्हणत नाही. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा त्यातल्याच. त्या गुहांतलं वटवाघूळ १९१२ मध्ये पहिल्यांदा अभ्यासकांच्या हाती लागलं आणि पुढच्या वर्षी त्याला रॉटन यांचं नाव मिळालं. हे रॉटन मुंबई इलाख्यातले वनाधिकारी. कित्येक दशकं ते वटवाघूळ जगात फक्त इथंच आहे असं मानत, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. खडेबाजारात दहा जणांना विचारा, नऊ जणांना हे माहीत नसेल. मलाही पन्नाशीनंतर कळलं. त्या गुहेत मोबाइलचे दिवे लावून रील करायला कुणी जाऊ नये. तिथं कायम कुलूप असलं तरी माझी हरकत नाही. गोव्याची म्हादई, आपलं भीमगड आणि पलीकडं काळी, हा वाघांचा जायचा-यायचा रस्ता आहे. २००२ च्या सुमारास हत्ती दांडेलीकडून ह्याच पट्ट्यातून चंदगड-दोडामार्गात उतरले. त्यांच्या वाटेत आपली वनभोजनं नकोत.

पण जंगलात वाघ-वटवाघळं सोडून माणसंही राहतात, आणि ह्या सगळ्या चर्चेत त्यांचं नाव शेवटी येतं. मीही शेवटीच घेतोय बघा. २०२४ च्याच पावसाळ्यात आमगावच्या एका आजारी बाईला चिखलातून खांद्यावर वाहून आणावं लागलं, सगळ्या पेपरांत फोटो आला होता. रस्ता करायचा तर जंगलाचा कायदा आडवा येतो. २०२५ मध्ये तळेवाडीच्या लोकांना कुटुंबामागं १५ लाख रुपयांच्या भरपाईवर बाहेर हलवायचं काम सुरू झालं. काहींना ते हवंच होतं. दवाखाना नाही, शाळा नाही, किती दिवस काढायचे? मी शहरात बसून त्यांना 'राहा' म्हणणार नाही. पण गाव उठलं की वाट माहीत असलेली माणसं उठतात, हे कुठल्या हिशेबात धरलं जातं?

माझं मत इथं येऊन थांबतं. खानापूरच्या जंगलात अभयारण्याच्या गाभ्याबाहेरच्या चार-पाच जागा निवडाव्यात. चिखलेसारख्या, जिथं लोक तसेही चोरून जातातच. दिवसाला किती माणसं ते ठरवावं. बरोबर गावातलाच वाटाड्या सक्तीचा, आणि त्याची मजुरी तिकिटातूनच, आपल्या मर्जीवर नाही. पाण्यात उतरायची जागा दोरी लावून आखलेली. ढगफुटीसारखा पाऊस असेल त्या दिवशी बंद, बाकी दिवशी सुरू. हे काही स्वप्न नाही. कासच्या पठारावर गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत शुल्क घेतात आणि दिवसाला ३,००० ची मर्यादा ठेवलीय. आपल्याच कर्नाटकात २०२४ च्या जानेवारीत कुमारपर्वतावर गर्दी उसळली, सरकारनं ट्रेक थांबवले, आणि काही महिन्यांत 'अरण्य विहार' नावाचं ऑनलाइन बुकिंग आणलं. एका वाटेवर दिवसाला ३०० माणसं. मग चिकमगळूर-कोडगूला जमतं ते खानापूरला का नको?

माझा मित्र (नाव नको, तो ही पोस्ट वाचणार) म्हणतो, "अरे, तिकीट लावलंस की टपऱ्या येतील, टपऱ्या आल्या की मक्याची कणसं, मॅगी, डीजे. आंबोलीत रविवारी गाडी लावायला जागा नसते." खरं आहे. आंबोलीला जुलैच्या रविवारी मी जात नाही, तिथं धबधब्यापेक्षा माणसांचा लोंढा मोठा. पण त्याला माझं उत्तर असं की गर्दी बंदीनंही थांबलेली नाही. नाक्यावर अडवलेली पोरं दोन किलोमीटर मागं जाऊन शेतातून घुसतात. आणि चोरून घुसलेल्याला वाटाड्या नसतो, तो घसरला तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो. मग त्याच गार्डला दोरी बांधावी लागते.

आणि पिणाऱ्यांचं काय, असं आमच्या ताई विचारतील. नाक्यावर डिकी उघडून बघा. बाटली दिसली की गाडी परत, कुणाचाही फोन आला तरी. एवढं एक काम कडक झालं तर अर्धी भांडणं मिटतील. बायका-पोरांना घेऊन जायला लोक घाबरतात ते पाण्याला कमी आणि ह्या टोळक्यांना जास्त.

गाडी वळवण्याआधी मी त्या गार्डला विचारलं होतं, गाव कुठलं. तो जंगलातल्याच एका वाडीचा निघाला. आईबाप अजून तिथंच. "पावसात घरला जायाचं म्हटलं तर मलाच वाट न्हाई," म्हणाला आणि हसला. मी म्हटलं, नोव्हेंबरात येऊ का नातवाला घेऊन? "या की. पन चारच्या आत बाहेर पडायचं. आनि कचरा परत न्यायचा." मी मान हलवली. नातवाला नोव्हेंबरात सुट्टी मिळाली नाही, त्यामुळं ते राहूनच गेलं. ह्या वर्षी बघू.

फोटो खाली देतोय. डावीकडून तिसरा मी, हाफ पँटमध्ये. आप्पा मधे छत्री घेऊन. उजव्या कोपऱ्यात खोळ घेतलेला तो वाटाड्या पोरगा अर्धाच आलाय, फोटो काढणाऱ्यानं त्याला धरलंच नव्हतं. बाकी तेराही जणांची नावं मला येतात, त्याचं येत नाही. त्या दिवशी कुणी विचारलंच नसावं. जांबोटी-कणकुंबीकडचं कुणी हे वाचत असेल आणि ओळखत असेल तर कळवा. आता तो पंचावन्नच्या आसपास असेल.