गुडघा बाईचा, माप कुणाचे?

रविवारी सकाळी मारुंजीत वंदनेला बसलो की आम्हाला एक गोष्ट हल्ली सारखी जाणवते. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत. त्यांवर बसतात त्या पन्नाशी-साठीच्या मावश्या. गुडघे टेकून पंचांग प्रणाम करायची त्यांची मनापासून इच्छा असते, पण गुडघा वळत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरची लादी याच गुडघ्यांवर बसून पुसली. कुणी वीटभट्टीवर राबली, कुणी बांधकामावर घमेली वाहिली. हिंजवडी आयटी पार्कच्या भोवती जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या पायात सिमेंटसोबत या बायकांच्या गुडघ्यांतली कूर्चाही गेली आहे.

त्यांतल्याच एका मावशींना घेऊन आम्ही एका खाजगी रुग्णालयात गेलो होतो. एक्स-रे पाहून सांगण्यात आले की सांधा बदलावा लागेल. पाठोपाठ काउंटरवरून सल्ला आला, "बायकांसाठी वेगळा सांधा येतो, थोडा महाग पडेल, पण लेडीजला तोच बसतो." बाहेर आल्यावर मावशींनी विचारले, "खरंच बाईचा वेगळा असतो का रे? का गरीब बघून सांगतात?" आमच्याकडे उत्तर नव्हते. एम. ए. समाजशास्त्राच्या पुस्तकांत गुडघा नव्हता. म्हणून वाचायला बसलो. जे हाती लागले ते चळवळीतल्या तरुणांसमोर ठेवतो आहोत.

मावशींच्या प्रश्नाचे दोन्ही भाग बरोबर आहेत. बाईचा गुडघा वेगळा असतो आणि त्या वेगळेपणाचा धंदाही होतो.

२००६ साली अमेरिकेतील झिमर कंपनीने खास बायकांसाठी म्हणून 'जेंडर सोल्युशन्स' नावाचा सांधा बाजारात आणला. मांडीच्या हाडावर बसणारा धातूचा भाग रुंदीला कमी केला, पुढची बाजू पातळ केली आणि वाटी ज्या खाचेतून सरकते त्या खाचेचा कोन बदलला. त्याच्या जाहिराती डॉक्टरांबरोबर थेट बायकांपर्यंतही पोहोचवल्या गेल्या. पुढे कोरियातील शल्यचिकित्सकांनी एक सरळ परीक्षा घेतली. दोन्ही गुडघे बदलायचे असलेल्या बायकांच्या एका पायात नेहमीचा सांधा बसवला आणि दुसऱ्या पायात बायकांचा. दुखणे, हालचाल, समाधान यांत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. म्हणजे 'लेडीज' या पाटीत जादू नव्हती.

मग सगळेच खोटे म्हणून सोडून द्यायचे का? नाही. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धातूचा भाग हाडाच्या कडेबाहेर किती येतो हे शस्त्रक्रियेच्या वेळीच मोजले गेले. ३ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त बाहेर येण्याचे प्रमाण पुरुषांच्या गुडघ्यांत ४० टक्के होते, बायकांच्या गुडघ्यांत ६८ टक्के. ज्यांच्यात तो असा बाहेर आला, त्यांना दोन वर्षांनंतरही गुडघा दुखण्याचा धोका जवळपास दुप्पट होता. कारण साधे आहे. पुढून मागे सारखीच खोली असलेली दोन हाडे घेतली, तर बाईचे हाड बहुधा रुंदीला कमी भरते. जुने साचे हा फरक धरून केलेले नव्हते. पुढे कंपन्यांनीच एका मापात 'स्टँडर्ड' आणि 'नॅरो' असे दोन प्रकार काढले. अरुंद हाडाच्या पुरुषालाही नॅरो लागतो आणि रुंद हाडाच्या बाईला स्टँडर्ड चालतो.

आमचा मुद्दा इथेच आहे. आपल्याला बाईच्या नावाची पाटी नको, बाईच्या हाडाचे माप हवे. पाटीने किंमत वाढते. मापाने दुखणे कमी होते.

किमतीचेही ऐका. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांवर कमाल किंमत लावली. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता, तो ५४,७२० वर आला. जास्त वाकणाऱ्या सांध्याला ५६,४९० आणि टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. त्या यादीत धातू आणि प्रकार यांवरून वर्ग पाडले होते. 'बायकांचा सांधा' असा वर्ग त्यात नव्हता. तेव्हा लेडीज म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा, हा सांधा कोणत्या वर्गातला?

पण सांध्याचा आकार ही पुढची पायरी झाली. त्याआधी बाईला शस्त्रक्रिया सुचवली तर गेली पाहिजे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघा. सारखीच झीज झालेले एक पुरुष आणि एक स्त्री, असे दोन रुग्ण ७१ डॉक्टरांकडे पाठवले. दोघांची तक्रार एकच. पुरुषाला गुडघा बदलायचा सल्ला ६७ टक्के डॉक्टरांनी दिला, बाईला ३३ टक्के. जिथे उपचाराचा खर्च सरकार उचलते, तिथली ही गोष्ट. मग जिच्या खिशात पैसे नाहीत, जिचा पत्ता वस्तीचा आहे, जिला डॉक्टर 'वजन कमी करा, काम बंद करा' सांगून वाटेला लावतो, तिचे काय होत असेल? काम बंद केले तर चूल कशावर पेटणार, हे त्या कागदावर कुणी लिहीत नाही.

आमचे काही मित्र म्हणतील, अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती सोडून गुडघ्यावर कसला लेख? त्यांना १९२८ ची आठवण करून देतो. मुंबई विधिमंडळात प्रसूतिरजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. कामगार बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, अशी मांडणी त्यांनी केली. राबणाऱ्या बाईचे शरीर हा त्यांच्यासाठी राजकारणाचा विषय होता. आपण तो खाजगी दुखणे का समजावा?

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस' हा स्वदेशी सांधा तयार केला. भारतीय माणसाचे मांडी घालणे, खाली बसणे समोर ठेवून सांधा घडवता येतो, हे त्यातून दिसले. याचा आम्हाला आदरच आहे. पण एक प्रश्न राहतोच. 'भारतीय गुडघा' म्हणताना कुणाचा गुडघा मोजला जातो? मोजमाप होते ते रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचे. जी पोहोचलीच नाही, तिचे हाड कोणत्या तक्त्यात येणार? प्रतिनिधित्व विधानसभेत लागते, नोकरीत लागते, तसे ते मापाच्या तक्त्यातही लागते.

म्हणून काही कामे आपल्या हातात घेऊ. एक, शस्त्रक्रियेच्या बिलात सांध्याची किंमत, कंपनी, बॅच क्रमांक वेगळा लिहून घ्या. २०१७ च्या आदेशातच तसे म्हटले आहे. सांध्याचे माप कोणते आणि नॅरो उपलब्ध होता का, हेही विचारा. दोन, हाऊसकीपिंगला जाणाऱ्या ताईंचा ईएसआयसी क्रमांक ठेकेदाराकडून मिळवा. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून जोडीदारासह उपचार मिळतात, हे वस्तीत किती जणांना ठाऊक आहे? तीन, घरकामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, त्या मंडळाकडे गुडघ्याच्या उपचाराची मागणी लेखी नोंदवा. चार, स्वीडनने गुडघेबदलाची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून ठेवली आहे. महाराष्ट्राने ती सक्तीची करावी आणि त्यात लिंग, जात, काम आणि सांध्याचे माप हे चारही रकाने असावेत.

मावशींचा गुडघा अजून बदललेला नाही. कागदपत्रे जमवणे चालू आहे. 'थोडा महाग' सांध्याला आम्ही नाही म्हटले, मापाचा प्रश्न मात्र चिठ्ठीवर लिहून घेतला आहे. येत्या रविवारीही त्या खुर्चीवरच बसतील. आपण जमिनीवर बसून वंदना घेणाऱ्यांनी निदान त्या खुर्च्या मोजायला सुरुवात करावी.

जय भीम!