लाखोळीची टेस्ट कोण घेणार?

व्हे प्रोटीनचा डबा घेताना आपण मागचं लेबल वाचतो, यूट्यूबवर त्याचा लॅब रिपोर्टही शोधतो. मेसमधल्या वरणाबद्दल मात्र आपली दोनच मतं. 'पारंपरिक आहे म्हणजे चांगलंच', नाहीतर 'गावठी आहे, नको'. दोन्ही न तपासता बनवलेली.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या मित्रमैत्रिणींना लाखोळी सांगायला नको. हिंदीत हिला खेसारी म्हणतात. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात बी फेकायचं, उरलेल्या ओलीवर ते वाढतं. नांगरणी नाही, पाणी नाही. पाल्याची भाजी होते, डाळीचं वरण होतं, आणि डाळीत पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त प्रोटीन. दुष्काळात बाकी पिकं माना टाकतात तेव्हाही ही तग धरते. घोळ नेमका तिथेच झाला.

लाखोळीत ओडॅप नावाचं द्रव्य असतं. राव, अदिगा आणि सर्मा या भारतीय शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. महिनोन्‌महिने जेवणाचा मोठा हिस्सा लाखोळीचाच असेल, तर पाय लुळे पडू शकतात आणि ते सहसा बरे होत नाहीत. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची. दुसऱ्या महायुद्धात वाप्नियार्काच्या छावणीत ज्यू कैद्यांना हीच खायला घातली, त्यातले कित्येक कायमचे अपंग झाले. म्हणजे पाय गेले ते ज्यांच्या ताटात दुसरं काही नव्हतंच त्यांचे. भातावर वाटीभर वरण घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण 1961 मध्ये विक्रीवर बंदी आली तेव्हा ताट कुणी पाहिलं नाही, फक्त डाळ पाहिली.

बंदीने काय साधलं? लाखोळी शेतात पिकत राहिली, घरात शिजत राहिली आणि बेसनात, तुरीच्या डाळीत गुपचूप मिसळली गेली. चोरून विकल्या जाणाऱ्या मालाला लेबल नसतं. मग तपासणार कोण आणि काय? नागपूरचे शांतीलाल कोठारी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले. 2008 मध्ये महाराष्ट्राने बंदी उठवली. 2016 मध्ये आयसीएमआरच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला.

'चला, सुटलो एकदाचे' असं म्हणणाऱ्यांशी मात्र आमचं पटत नाही. ओडॅपचं प्रमाण वाणावर ठरतं, तसं जमिनीवर आणि पावसावरही. पाण्याचा ताण पडला की ते वाढू शकतं. शिवाय या पिकात परागीकरणातून वाणांची सरमिसळ होते, त्यामुळे घरचं बी दरवर्षी पेरत राहिलं तर काही वर्षांनी ते 'रतन'च उरेल याची खात्री नाही. एकदा कागदावर पास झालेली डाळ पोत्यातही पास असेलच असं नाही. तपासणी दर हंगामात आणि जिथे माल पिकतो तिथेच व्हायला हवी. ती जबाबदारी सरकारची, यात वादच नाही.

पण बायोकेमिस्ट्रीच्या पोरांनो, तिखटातली विटेची भुकटी शोधायचा तोच तो प्रोजेक्ट अजून किती वर्षं उतरवणार? ओडॅप रंगाच्या तीव्रतेवरून मोजता येतं. गाईड सोबत हवेत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा. दहा गावांतून नमुने आणा. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की ओडॅप बरंच कमी होतं. नेमकं किती, ते मोजा. त्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वंही वाहून जातात. तेही मोजा, म्हणजे पाणी किती वेळा फेकायचं हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला आकड्यानिशी सांगता येईल. आणि रिपोर्ट फाईलला लावायच्या आधी, जिथून डाळ आणली त्या घरी मराठीत लिहून द्या.

लाखोळी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते. गावांची यादी आत्ताच करायला घ्या.