स्टेअरिंग भरकटते तेव्हा : आधी तपासणी, मग पाना

खामगावच्या बाजारात कापूस आणि सोयाबीन आणणारी, मेहकर-चिखलीच्या शेतातून भाजीपाला उचलणारी, मलकापूर-नांदुऱ्याच्या दुकानांना किराणा पोचवणारी गाडी म्हणजे पिकअप. बुलढाणा जिल्ह्यात कितीतरी घरांची चूल या गाडीवर पेटते. कोणी तिचा मालक आहे, कोणी चालक, तर कोणी तिची दुरुस्ती करणारा गॅरेजवाला. या तिघांत नेहमी वाद होतो तो एका दुखण्यावरून. गाडी सरळ रस्त्यावर सरळ चालत नाही. चालकाला स्टेअरिंग सारखे डावी-उजवीकडे सांभाळावे लागते आणि शंभर किलोमीटरमध्ये त्याचे खांदे भरून येतात.

मालक म्हणतो, "दोनदा पैसे घातले, फरक नाही." मिस्त्री म्हणतो, "पार्ट तर नवा टाकला." दोघेही खोटे बोलत नाहीत. आमच्या मते दोष आहे तो कामाच्या पद्धतीत. आपल्याकडे पार्टचे पैसे मिळतात, तपासणीचे मिळत नाहीत. म्हणून तपासणी उरकली जाते आणि पार्ट अंदाजाने बदलला जातो.

सर्वात मोठी चूक म्हणजे स्टेअरिंगला झोल दिसला की स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळणे. काम पाच मिनिटांचे, आणि चालकालाही हाताला घट्ट लागते म्हणून बरे वाटते. परंतु जास्त आवळलेला बॉक्स वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मधे येऊ देत नाही. गाडी पूर्वीपेक्षा जास्त भरकटते आणि बॉक्स लवकर झिजतो. बॉक्सला हात शेवटी लावावा.

सुरुवात हवेपासून करावी. पुढच्या दोन्ही चाकांत हवा सारखी हवी आणि ती टायर थंड असताना, कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे मोजलेली हवी. बोटाने दाबून पाहणे म्हणजे मोजणे नव्हे. दोन्ही टायर एकाच जातीचे हवेत. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन टाकून गाडी सरळ चालण्याची अपेक्षा धरू नये. गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. मात्र पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, तेव्हा ही परीक्षा सपाट रस्त्यावरच घ्यावी.

त्यानंतर जोड. गाडी जमिनीवर, इंजिन चालू. एकाने स्टेअरिंग थोडे-थोडे हलवावे आणि दुसऱ्याने खाली पाहावे की हालचाल कोणत्या जोडात हरवते. टाय रॉड एंड, स्टेअरिंग दांड्याचा क्रॉस, बॉक्स किंवा रॅक धरणारे बोल्ट आणि रबर, सर्व पाहावे. मग चाक जॅकवर उचलून नऊ-तीनला हलवावे. खेळ दिसला तर टाय रॉड एंडवर संशय. बारा-सहाला हलले तर बॉल जॉइंट, किंगपिन किंवा बेअरिंग. ब्रेक दाबून धरल्यावर तो खेळ बंद झाला तर बेअरिंग समजावे. किंगपिनच्या जुन्या गाडीत ग्रीस न मिळाल्याने पिन जाम होते आणि जामपणाही गाडीला भरकटवतो.

मागचा भाग तर बहुतेक कोणी पाहतच नाही. पाट्याचे यू-बोल्ट सैल झाले, सेंटर बोल्ट तुटला किंवा बुश संपले की मागचा एक्सल जागचा हलतो आणि गाडीला मागून वळवतो. अशा वेळी पुढे कितीही पार्ट टाकले तरी ते पैसे पाण्यात. काळ्या मातीवरचे आपले रस्ते दर पावसाळ्यात उंचसखल होतात. त्या हिसक्यांनी हे बोल्ट सैल होतात, म्हणून ठराविक मुदतीने ते आवळलेच पाहिजेत.

हे सर्व झाल्यावर व्हील अलाइनमेंट. झिजलेल्या जोडांवर अलाइनमेंट करणे म्हणजे ढिल्या काट्याच्या तराजूवर वजन करणे. तसेच टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट न करता गाडी सोडणे म्हणजे मालकाचे टायर खाऊन टाकणे. एका टायरच्या पैशात हा सर्व खर्च पुष्कळसा निघतो.

आता मालकांना दोन शब्द. मर्यादेबाहेर माल मागे लादला की मागचा भाग बसतो, पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि गाडी तरंगते. हा दोष कोणताही मिस्त्री काढू शकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगचा झोल चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे घड्याळातील बारा ते एक एवढेच अंतर. बॉल जॉइंटना रबरी टोपी असावी हेही त्याच नियमात आहे. ही टोपी फाटली की धूळ आत जाते आणि जोड संपतो. योग्यता प्रमाणपत्राच्या दिवसापुरती गाडी नीट करून घेणाऱ्यांनी हा नियम वर्षभर लक्षात ठेवावा.

रस्तेही आता बदलले आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा भागातील गाड्या त्यावर धावू लागल्या. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. गावच्या रस्त्यावर चालवून नेता येणारा झोल तिथे जिवावर बेतू शकतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी वेगळी सांगावी आणि वेगळी घ्यावी. तपासलेल्या गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात, काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यावा आणि काम झाल्यावर मालकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी. मालकांनीही "नुसते पाहायचे कसले पैसे?" हा प्रश्न सोडून द्यावा. डॉक्टरला आपण नाडी पाहण्याचे पैसे देतो, औषधाचे वेगळे. तपासणीची मजुरी मिळू लागली की नको तो पार्ट विकण्याचा मोह कमी होईल, आणि ज्याचे निदान बरोबर त्याच्याच दारात गाड्या उभ्या राहतील.