दुखण्याची भाषा, औषधाची भाषा

सीमाभागातील भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांच्या पाट्या, बसवरील फलक, जमिनीचे उतारे आणि शाळांचे माध्यम हेच विषय डोळ्यांपुढे उभे राहतात. हे सारे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवरील आग्रह आम्ही सोडलेला नाही. परंतु एक जागा अशी आहे की जिथे भाषा अडली तर कागद मागे राहत नाही, माणूसच मागे राहतो. आणि तिच्याविषयी आपल्या चळवळीत फार थोडे बोलले जाते. ती जागा म्हणजे दवाखाना.

‘आरोग्य-साक्षरता’ हा शब्द मराठीत अलीकडे रुळू लागला आहे. अक्षरे वाचता येणे एवढाच त्याचा अर्थ नाही. आरोग्यविषयक माहिती मिळवता येणे, ती समजणे, खरी-खोटी पारखता येणे आणि स्वतःच्या व घरच्यांच्या भल्यासाठी वापरता येणे, असा तो चार पायऱ्यांचा जिना आहे. यांतील पहिल्या दोन पायऱ्या भाषेच्या आहेत. भाषाच परकी असेल, तर बी. ए. झालेला मनुष्यही औषधाच्या चिठ्ठीपुढे निरक्षर ठरतो.

प्रथम दुखण्याची भाषा पाहू. मराठीत छाती नुसती दुखत नाही. तिच्यात चमक निघते, कळ येते, जळजळ होते, ती भरून येते, तिच्यावर दडपण येते. कसलेल्या वैद्याला हे शब्द म्हणजे अर्धे निदान असते. दीर्घ श्वास घेताना चमक निघते म्हणणारा आणि चढ चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण येते म्हणणारा, या दोघांच्या तपासण्या वेगळ्या होतात. दुसऱ्याच्या बाबतीत तर घड्याळाकडे पाहून धावावे लागते. तीच गोष्ट चक्कर, घेरी, भोवळ आणि डोळ्यांपुढे अंधारी या शब्दांची. स्त्रियांच्या दुखण्यांचे तर बोलणेच पडद्याआडचे असते. ‘अंगावर जाते’, ‘अंग बाहेर येते’, ‘दिवस गेले’ या प्रयोगांचा शब्दशः अर्थ लावणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. अशी बाई मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत बोलू लागली की तिच्या तोंडी ‘दुखते’ एवढे एकच क्रियापद उरते. सोबत आलेला दहा वर्षांचा नातू दुभाषी झाला, तर तेही ती सांगत नाही.

आता औषधाची भाषा. कन्नड आणि मराठी या शेजारणी आहेत. चिकित्सा, गर्भिणी, ज्वर, क्षय हे शब्द दोन्हीकडे ओळखीचे आहेत. ‘नंतर’ हा शब्दही दोन्हीकडे चालतो. पण ओळखीचे शब्दच कधी कधी दगा देतात. कन्नडमध्ये ‘मात्रे’ म्हणजे गोळी. मराठीत ‘मात्रा’ म्हणजे औषधाचे प्रमाण किंवा उगाळून द्यायचे वैद्यकी औषध. ‘एरडु मात्रे’ ऐकून घरी गेलेल्या म्हातारीने काय समजावे? सलाइन-पाण्याच्या पुडीवर एक लिटर पाणी असे लिहिलेले असते, तर लहान पुडी २०० मिलिलिटर पाण्यात कालवायची असते. हा फरक वाचता आला नाही तर जुलाब झालेल्या बाळाला फार खारट किंवा फार पचपचीत पाणी पाजले जाते. क्षयाच्या नेहमीच्या उपचाराचा क्रम सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो आणि ‘बरे वाटले तरी गोळ्या थांबवू नका’ हे एक वाक्य न समजल्याने रोग औषधाला दाद देईनासा होतो.

याहून गंभीर बाब आहे ती रिकाम्या जागेची. भाषेतील पोकळी कधी रिकामी राहत नाही. सरकारी सूचना कन्नडमध्ये लागते, ती आपल्या गावातील ज्येष्ठ माणूस वाचत नाही. त्याच दिवशी मोबाइलवर मात्र शुद्ध मराठीत एक संदेश येतो की अमुक पाल्याचा रस प्यायला तर साखर मुळापासून जाते. तो वाचला जातो, पुढे पाठवला जातो आणि गोळी बंद होते. अफवेला मायबोली अवगत आहे आणि आरोग्य खात्याला नाही, ही स्थिती ज्यांना चालते त्यांनी लोकांच्या अंधश्रद्धेला दोष देऊ नये.

कायद्याने आपल्याला काहीच दिलेले नाही, असा समज आपल्याकडे पसरला आहे. तो खरा नाही. घटनेच्या ३५० व्या कलमानुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचा अर्ज करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाविषयी जे निवेदन काढले, त्यात ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक १५ ते २० टक्के आहेत तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत काढण्याचा विचार मांडला आहे. रोगाच्या साथीची सूचना महत्त्वाची नसेल तर मग कोणती? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी संमती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. न समजलेल्या कागदावरील अंगठा हा संमतीचा केवळ देखावा होय.

२०२४ मध्ये कन्नड विकास प्राधिकरणाच्या अध्यक्षांनी सरकारी डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठ्या कन्नडमध्ये लिहाव्यात अशी मागणी केली. आपल्यापैकी काहींना ती खटकली. आम्हाला ती मनापासून पटली. इंग्रजीतील चिठ्ठी धारवाडच्या शेतकऱ्याला कळत नाही, हे त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. फक्त ते शेवटपर्यंत न्यावे. रुग्णाला कळावे हे तत्त्व एकदा मान्य केले, की खानापूरच्या रानातील आजीला आणि निपाणीच्या विडी कामगार बाईला कळेल अशी भाषा कोणती, हा प्रश्न त्याच तत्त्वातून निघतो. हाच न्याय सीमेपलीकडेही लागू आहे. जत किंवा अक्कलकोट तालुक्यातील कन्नड भाषिकाला महाराष्ट्राच्या आरोग्य केंद्रात कन्नड पत्रक मिळाले पाहिजे, ही मागणी करण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. स्वतःसाठी मागायचे ते दुसऱ्याला देण्याची तयारी नसेल तर मागणीला हट्टाचे रूप येते.

‘कन्नड शिका म्हणजे प्रश्न संपेल’, असे सांगणारे भेटतात. मुलांनी कन्नड शिकावे, उत्तम शिकावे, असे आमचेही मत आहे. पण ऐंशी वर्षांच्या माणसाला अर्धांगवायूचा झटका आल्यावर शिकवणी लावता येत नाही. तापाने फणफणलेला आणि वेणा देणारी बाई मायबोलीतच बोलतात. हेमलकशात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया माणसांना मराठी शिकून येण्यास सांगितले नाही. ते स्वतः माडिया शिकले.

महाराष्ट्रातील अनुभव आपल्याला आणखीही काही सांगतो. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुतांशी निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या गावातल्याच सेविकांनी घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली. तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांशी पाहता तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी उतरल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. आपल्या बेळगाव जिल्ह्याचेही उदाहरण आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी जवळजवळ निम्म्यावर येतो, हे दाखवणारा १,६२० स्त्रियांचा अभ्यास याच जिल्ह्याच्या खेड्यांत झाला आणि २००६ मध्ये त्याच नियतकालिकात छापला गेला. गोळ्या देणाऱ्या होत्या उपकेंद्रांतील परिचारिका. ज्ञान गावात शिरते ते गावाशी बोलू शकणाऱ्या बाईच्या पायांनी, हाच या तिन्ही उदाहरणांचा धडा.

तेव्हा आपण काय करावे? आपल्यापाशी साधने नाहीत असे नाही. ती आरोग्याकडे वळवलेली नाहीत. बेळगाव शहरात जुनी, नांदती मराठी वाचनालये आहेत. कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे साहित्य संमेलने भरतात. प्रत्येक गल्लीत गणेशोत्सव मंडळ, प्रत्येक गावात भजनी मंडळ आणि महिला मंडळ आहे. या घरच्या भांडवलावर आम्ही पाच कामे सुचवतो.

पहिले, प्रत्येक वाचनालयात आरोग्याचे एक कपाट असावे. डॉ. श्याम अष्टेकर यांच्या ‘भारतवैद्यक’सारखा ग्रंथ तेथे हाताशी हवा आणि आठवड्यातून एक तास निवृत्त परिचारिकेने किंवा औषधविक्रेत्याने लोकांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात. रोगनिदान करू नये. लिहिले आहे ते समजावून द्यावे.

दुसरे, एक पानाची मराठी-कन्नड शब्दपत्रिका तयार करावी. दुखण्याचे प्रकार, शरीराचे भाग, ‘जेवणाआधी’, ‘जेवणानंतर’, ‘दिवसातून दोनदा’ हे सारे दोन्ही लिप्यांत आमनेसामने असावे. डॉक्टरांच्या मेजावरही ती ठेवावी. शब्द लोकांच्या तोंडचे घ्यावेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश अभ्यासकांसाठी आहेत; बाळंतिणीपुढे ‘प्रसवोत्तर रक्तस्राव’ म्हणण्यापेक्षा ‘बाळंतपणानंतर फार रक्त जाणे’ म्हणावे.

तिसरे, कोल्हापूर आणि सिंधुदुर्गात वाटली जाणारी मराठी पत्रके येथे आणून नव्याने छापावीत. पण जशीच्या तशी नकोत. महाराष्ट्रातील योजनांची नावे आणि मदतीचे क्रमांक येथे चालत नाहीत. येथील बाळंतिणीकडे तायी कार्ड असते, हे ध्यानात ठेवून तेवढा मजकूर बदलावा आणि तो डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुवून लगेच लस घ्यावी. साप चावल्यास कापू नये, चोखू नये, थेट रुग्णालय गाठावे. एवढी वाक्ये जरी प्रत्येक मंदिराच्या भिंतीवर मराठीत लागली तरी जीव वाचतील.

चौथे, ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीत आपली माणसे बसावीत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात या समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. फलक रंगवण्यास त्यातला थोडा भाग पुरेल. आशाताईंना समितीचे बळ द्यावे. कन्नड नोंदवही आणि मराठी ओटी यांमधला पूल त्या आजही एकट्याने पेलत आहेत.

पाचवे, ३५० व्या कलमाचा आधार घेऊन तालुका आरोग्याधिकाऱ्यांना मराठीत अर्ज द्यावेत. मागणी मोजकी असावी: साथीच्या सूचना, लसीकरणाचे वेळापत्रक, संमतिपत्र आणि रुग्णालयातील दिशादर्शक फलक कन्नडबरोबर मराठीतही असावेत. पोच घ्यावी, प्रत जपावी.

महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली आणि त्यावरून दोन्ही राज्यांत मोठा गदारोळ झाला. पैशाची मदत हवीच. पण विम्याचा उपयोग माणूस आजारी पडून रुग्णालयात पोचल्यावर होतो. रक्तदाबाची गोळी रोज का घ्यायची, हे त्याला दहा वर्षे आधी त्याच्या भाषेत सांगितले असते, तर कदाचित त्या खाटेची गरजच पडली नसती. आणि हे सांगण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लढलाच पाहिजे. मात्र तो सुटेपर्यंत आपली म्हातारी माणसे औषधाची बाटली उजेडाकडे धरून अक्षरे न्याहाळत बसणार असतील, तर भाषेवरील आपले प्रेम सभामंडपापुरतेच उरेल. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळाने वर्गणीतील थोडी रक्कम एका मराठी आरोग्यफलकासाठी काढावी, ही आमची विनंती आहे. मूर्तीचे विसर्जन होईल, मंडप उतरेल. तो फलक मात्र गल्लीच्या तोंडाशी वर्षभर उभा राहील.