पारा, तळपदे आणि आयन इंजिन : एका लाडक्या दाव्याची उलटतपासणी

१/ १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांचे ‘मरुत्सखा’ पंधराशे फूट उडाले, त्यात पाऱ्याचे आयन इंजिन होते आणि ‘नासा’ आज तेच बनवते, असा मजकूर वारंवार फिरत असतो. तो पुराव्याच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ तळपदे खरे, त्यांचा विमानविद्येचा ध्यासही खरा. वाद उड्डाणाचा आहे. ‘केसरी’चा हवाला देणाऱ्यास अंकाची तारीख आणि पान विचारा. समकालीन साधनावाचून इतिहास उभा राहत नाही.

३/ पाऱ्याच्या इंजिनासाठी ‘वैमानिक शास्त्र’ पुढे केले जाते. ते सुब्बराय शास्त्रींनी १९१८ ते १९२३ दरम्यान सांगून लिहवले. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तपासले : ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही, त्यातील विमाने उडण्यास अपात्र.

४/ पारा मात्र आयन इंजिनात खरोखर वापरला गेला. २० जुलै १९६४ रोजी ‘सर्ट-१’ यानावरील पाऱ्याचे इंजिन अवकाशात ३१ मिनिटे चालले. पुढे विषारी पाऱ्याची जागा झेनॉनने घेतली.

५/ इथेच दावा कोसळतो. हे इंजिन वायूचे आयन करते आणि विद्युतक्षेत्राने ते सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फेकते. इंधन अत्यल्प लागते, पण रेटाही अत्यल्प : ‘डीप स्पेस १’ (१९९८) या यानाचा जास्तीत जास्त रेटा कागदाच्या दोन पानांच्या वजनाएवढा. तोही निर्वात पोकळीत. चौपाटीवरून यंत्र उचलणे त्याला अशक्य.

६/ “म्हणजे तुम्हाला स्वदेशाचा अभिमान नाही?” आहे, म्हणूनच खऱ्या नोंदी सांगतो. विद्युत प्रणोदन घेऊन निघालेला ‘जीसॅट-४’ एप्रिल २०१० मध्ये प्रक्षेपकासह नष्ट झाला. ‘जीसॅट-९’ ने २०१७ मध्ये ते कक्षेत नेले. १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ मोहिमेत लहान उपग्रहांच्या हॉल थ्रस्टरसाठी बनवलेल्या पोकळ कॅथोडची चाचणी झाली. तो बंगळूरच्या एका खासगी कंपनीचा.

७/ पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी कक्षेत गेला. त्यांचे कौतुक किती जणांनी पुढे पाठवले?

८/ आमच्या दुसरबीडजवळच्या लोणारला लवणासुराची कथा आहे आणि उल्काघाताचा पुरावाही. लोक दोन्ही सांगतात. कथा पुराव्याच्या जागी बसवत नाहीत. तळपद्यांनाही हाच न्याय द्या. ज्याने धडपड केली, त्याच्या नावावर न केलेले उड्डाण चढवणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याच्या खऱ्या आयुष्यावर टाकलेला पडदा आहे.